दसऱ्याला तीस, पाडव्याला चाळीस

इंजिन ऑइलची मला किळस येते. उमेदीची सगळी वर्षं मी ते विकण्यात घालवली, त्यावर माझा संसार उभा राहिला, मुलं शिकली, तरी येते. जळलेल्या तेलाचा वास नाकात गेला की तोंडाला पाणी सुटतं, आणि ते पाणी भुकेचं नसतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नाशिकला, द्वारका चौकाच्या पुढे आग्रा रोडला लागून असलेल्या एका ऑइलच्या दुकानात काउंटरवर लागलो. दुकानाच्या दारात एक लोखंडी खांब होता. तेव्हा बरंचसं तेल सुटं, बॅरलमधून मापाने विकलं जायचं. गिऱ्हाईक आधी थेंबभर तेल बोटावर घ्यायचं, अंगठ्याने ते चोळायचं आणि मग दोन बोटं हळूहळू लांब करून तार किती सुटते ते डोळे बारीक करून बघायचं. तार लांब सुटली म्हणजे तेल चांगलं. एवढी परीक्षा झाली की बोटं त्या खांबाला पुसायची. छातीच्या उंचीवर खांबाभोवती वर्षानुवर्षांचा थर बसला होता, काळा आणि मऊ. त्यात माशा चिकटलेल्या असायच्या, केस असायचे, रस्त्यावरची धूळ असायची. एकदा तर कुणाच्या तरी गजऱ्याचा दोरा निघाला. उन्हाळ्यात तो थर घामेजायचा. मी शेठना म्हटलं, खरवडून टाकू का? ते म्हणाले, "राहू दे रे, तीच आपल्या दुकानाची पाटी आहे." जेवणाचा डबा छातीशी धरून मी त्या खांबापासून अंग चोरत आत जायचो.

तेल ऋतूप्रमाणे बदलायची तेव्हा पद्धत होती. आमच्याकडे दोन नंबर खपायचे, तीस आणि चाळीस. तीस पातळ, चाळीस जाड. नाशिकची थंडी अशी, की द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. त्या थंडीत चाळीस नंबर तेल इंजिनात थिजल्यासारखं बसतं आणि सकाळी गाडी फिरायला मागत नाही. उलट एप्रिल-मेच्या उन्हात तीस नंबर इतकं पातळ होतं की बेरिंगवर टिकत नाही. म्हणून शेठनी गिऱ्हाइकांना एक सोपा नियम लावून दिला होता. दसऱ्याला तीस, पाडव्याला चाळीस. दसऱ्याला गाडी धुतली जातेच, हार घालायच्या आधी जुनं तेल काढायचं आणि पातळ भरायचं. पाडव्याला गुढी उतरायच्या आत पुन्हा जाड. पिंपळगावचे टेम्पोवाले, दिंडोरीचे ट्रॅक्टरवाले, सगळे या दोन सणांना येऊन तेल बदलून जायचे. दसऱ्याच्या दिवशी गाड्यांतून काढलेलं काळं तेल दुकानामागच्या गटारीतून वाहायचं आणि त्यावर झेंडूच्या पाकळ्या तरंगायच्या. मला अजूनही झेंडूचा हार बघितला की आधी ती गटार आठवते.

या नियमाच्या बाहेरचा माणूस एकच होता, आणि तो माझ्याच घरात होता. माझा दादा.

आमची वस्ती मखमलाबादच्या बाजूला. सगळे माळी, सगळ्यांचं पीक फुलं आणि भाजी. आमच्या वाट्याला जमीन थोडी आली होती, दोघा भावांचं भागलं नसतं. म्हणून मी दुकानात लागलो आणि दादाने जुना डिझेल टेम्पो घेतला. वस्तीतल्या मळ्यांतले गुलाब, झेंडू, शेवंती रोज पहाटे गोळा करायची आणि उजाडायच्या आत शहरातल्या फुलबाजारात पोचवायची, हा त्याचा धंदा. वस्तीने आपला माल दादाच्या टेम्पोत टाकावा, एवढ्यावरच त्याची भाकरी होती. फूल थांबत नाही. टेम्पो उशिरा पोचला की माल तोच, पण भाव पडलेला.

आणि हा माणूस बारा महिने चाळीस नंबर वापरायचा. त्याचं कारण होतं. स्वतःचा टेम्पो घ्यायच्या आधी तो दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. मे महिन्यात कसारा घाट चढताना तेलाच्या प्रेशरचा काटा खाली आला आणि इंजिन धरलं, जागच्या जागी जाम झालं. चेंबरमध्ये, इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत, तीस नंबर होतं, हिवाळ्यात भरलेलं, मालकानेच न बदललेलं. तरी मालकाने घाटात, चार क्लीनर बघत असताना, दादाच्या थोबाडीत मारली. त्या दिवसापासून पातळ तेल म्हटलं की दादाचा हात नकळत गालाकडे जायचा. मी दसऱ्याला तीस नंबर घरी आणलं तर म्हणायचा, "हे तेल हाय का पाणी हाय? न्हे बाबा, तुझ्या शेठला आंघोळीला दे."

त्यामुळे डिसेंबर लागला की आमच्या दारात रोज पहाटे जे व्हायचं, त्याने माझं डोकं उठायचं. दादा एका घमेल्यात जुनी चिंधकं टाकायचा, त्यावर गाडीतून काढलेलं जुनं काळं तेल ओतायचा, काडी लावायचा आणि ते पेटतं घमेलं टेम्पोच्या खाली, बरोबर चेंबरखाली सरकवायचा. आतलं थिजलेलं तेल शेकून पातळ करायचं आणि मग किल्ली फिरवायची. तेल बदलायचं नाही, तेलाला शेकोटी द्यायची. काळा, दाट, तेलकट धूर निघायचा. तो दारातून घरात यायचा, पांघरुणात शिरायचा, दुधात उतरायचा. वहिनी तोंडाला पदर लावून खोकत फुलांच्या पाट्या भरायची. सकाळी नाक शिंकरलं तर रुमालावर काळं यायचं. अंगणात जिथे घमेलं ठेवायचा तिथली माती काळी, चिकट झाली होती आणि तिथे कोंबडीसुद्धा फिरकत नव्हती.

दादाच्या हातांविषयी लिहायला मला जड जातं, पण लिहितो. तो हात धुवायचा नाही असं नाही. राखेने घासायचा, कपड्याच्या साबणाने घासायचा. तरी नखांच्या कडा, बोटांच्या रेषा काळ्याच राहायच्या. जेवताना तो स्वतःच्या भाकरीतली अर्धी मोडून माझ्या ताटात टाकायचा, लहानपणापासूनची त्याची सवय. ज्वारीच्या पांढऱ्या भाकरीवर त्याच्या अंगठ्याचा काळसर ठसा उमटलेला असायचा. मी त्या ठशाच्या भोवतीनं खायचो आणि तेवढा तुकडा ताटाच्या कडेला ठेवायचो. वहिनी ते बघायची. ताट उचलताना तो तुकडा गाईच्या टोपल्यात टाकायची. दादाची आणखी एक खोड होती. गाडीखालून बाहेर आला की काळं बोट माझ्या गालावर ओढायचा आणि म्हणायचा, "बारक्याला तीट लावली, नजर नको लागायला." मी मोठा झालो, मिसरूड फुटलं, नोकरीला लागलो, तरी त्याचं हे चालूच. मी धावत जाऊन तोंड धुवायचो आणि तो पोट धरून हसायचा.

एका वर्षी थंडी फारच पडली. टेम्पो रोज अडू लागला. शेकोटी वाढली, धूर वाढला, कधी वस्तीतली दोन पोरं धक्का मारायला उठवायची, आणि तरी बाजार गाठायला उशीर. त्यात नवीनच तक्रार आली. बाजारातल्या फुलवाल्यांनी आमच्या वस्तीच्या गुलाबांच्या जुड्या नाकाला लावून बाजूला ठेवायला सुरुवात केली. पाट्या भरून व्हायच्या त्या धुरातच. पाकळ्यांवर काजळीचा तेलकट हात फिरल्यासारखा व्हायचा.

वस्तीत सगळ्यात मोठा गुलाबाचा मळा ज्यांचा, त्यांना सगळे काका म्हणत. ते एका सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. चहा घेतला. मग दादाला म्हणाले, "काय रे, आपल्या गुलाबाला आता लय लांबून वास येतो म्हणे."

"चांगलंच हाय की, काका."

"वास येतो, पण गुलाबाचा नाय. काल व्यापारी मला इचारत व्हता, फुलं आणली का ष्टोची वात आणली."

ओट्यावर बसलेले दोघे-तिघे हसले. दादाही हसला. काका हसले नाहीत. "माझ्या पुतण्यानं नवी पिकअप घेतलीये, तुला ठाऊक हाय. पोरगं मागं लागलंय, माल माझ्या गाडीत टाका म्हणून. मी म्हटलं, इतक्या वर्षांचा माणूस हाय आपला. पण संक्रांतीपर्यंत बघतो. तिळगूळ खाल्ला की मग गोड बोलता यायचं नाय मला."

काकांचा माल गेला की बाकीच्यांचा जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काका गेल्यावर वहिनी माझ्याकडे वळली. "भाऊजी, तुम्ही सबंध नाशकाला तेल विकता. आन आमच्या दारात ही रोज होळी. काही तरी बघा की."

मी बघितलं. मला करायचंच होतं, पण माझ्या मनात टेम्पोपेक्षा तो धूर बंद व्हावा हेच जास्त होतं. हे आज प्रामाणिकपणे सांगतो.

त्या दिवसांत दुकानात वीस-चाळीस नावाचं नवं तेल सीलबंद डब्यात येऊ लागलं होतं. थंडीत ते पातळ राहायचं आणि इंजिन तापलं की चाळीससारखं जाड वागायचं. म्हणजे दसरा आणि पाडवा, दोन्ही एकाच डब्यात. शिवाय त्यात इंजिन आतून धुऊन काढणारं काहीतरी होतं. त्याबद्दल कंपनीचा माणूस आम्हाला बजावून गेला होता, की जुन्या गाडीत हे ओतण्याआधी चेंबर खाली उतरवून साफ करून घ्यायला सांगा, नाहीतर वर्षानुवर्षांचा साठलेला मळ एकदम सुटतो आणि तेल ओढणाऱ्या जाळीत अडकतो. हे वाक्य मी गिऱ्हाइकांना पाठ म्हणून दाखवायचो. खरं तर दादाच्या टेम्पोला साधं तीस नंबर पुरलं असतं. जुनं इंजिन, साधं पातळ तेल, ना मळ सुटायची भीती, ना काही. पण तीस म्हटलं की दादाचा हात गालाकडे जाणार. वीस-चाळीसचा डबा त्याच्यापुढे ठेवला तेव्हा त्याने झाकण उघडून थेंब बोटावर घेतला, तार काढली, नाक मुरडलं आणि विचारलं, "चाळीस हाय ना ह्याच्यात?"

"आहे."

"मग चालंल. चाळीस हाय म्हणतो तर चालंल."

भोगीच्या दिवशी दुपारी आम्ही टेम्पो अंगणाशेजारच्या कोरड्या चारीवर, चाकं दोन्ही काठांवर ठेवून, उभा केला. दादाच्या उजव्या अंगठ्यात गुलाबाचा काटा मोडून तो पिकला होता. त्यावर वहिनीने हळद-तेलाची पट्टी बांधली होती आणि पट्टीतून पिवळं झिरपत होतं. मी चारीत उतरलो. त्याने वरून सांगितलं तसा नट खोलला. तेल बाहेर यायला तयार नव्हतं. आधी थेंब, मग जाड, आळसावलेली काळी दोरी घमेल्यात उतरू लागली. संपता संपता त्यात गुठळ्या आल्या.

"आता चेंबर खाली घे," दादा म्हणाला. "आत हात घालून खरवडावं लागंल. माझा अंगठा असला, तुलाच घालावा लागंल."

मी नटाच्या भोकात एक बोट घातलं. आत काहीतरी मऊ लागलं. कोमट नव्हतं, गार होतं, मेलेल्या जनावराच्या टाळूसारखं. बोट बाहेर काढलं तर त्यावर काळा गोळा आला, त्याला जळका आणि आंबट असा दोन्ही वास. तो गोळा घरंगळत माझ्या मनगटावर आला आणि माझ्या पोटातून उमळून आलं. मी चारीबाहेर चढलो आणि बांधावर वाकून उभा राहिलो.

"काय रे?"

"मला नाही जमणार. शिसारी येते."

दादा हसत सुटला. "अगं ये, कांदा आण गं, बारक्याला झीट आली! आयुष्यभर तेल विकतो आन तेलाला भितो. तुझ्या शेठला कळलं तर पगार कापंल."

"हसू नको."

"बरं, नाय हसत. राहू दे. पाडव्याला धुऊ निवांत. तोवर माझा अंगठाबी बरा होईल. चालतं का तोवर?"

घरातून भोगीच्या भाजीचा वास येत होता, वांगी, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे, तिळाचा कूट. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी तव्यावर होत्या. मला हात धुवायचे होते. कंपनीच्या माणसाचं वाक्य माझ्या तोंडात पाठ होतं, आणि मी म्हणालो, "पाडव्यापर्यंत काही होत नाही."

दादाने डाव्या हाताने नवं तेल ओतलं. मी तीनदा साबण लावून हात धुतले आणि जेवायला बसलो. पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला, टेम्पो शेकोटीशिवाय अर्ध्या किल्लीत सुरू झाला. दादाला खरं वाटेना. त्याने बंद केला आणि पुन्हा सुरू करून बघितला. वहिनी घरातून धावत आली. वस्तीतले दोघे शेजारी बघायला आले, म्हणाले, "आयला, ह्याला काय तिळगूळ दिला काय?" त्या दिवशी वहिनीने ते काळं घमेलं वीट घेऊन घासायला घेतलं. तळाची काजळी काही निघाली नाही, पण तिने त्यात माती भरून मोगऱ्याचं रोप लावलं. फुलं वेळेत पोचू लागली, गुलाबाला गुलाबाचा वास येऊ लागला. काका ओट्यावर येऊन म्हणाले, "धाकटा शिकला त्याचं चीज झालं म्हणायचं." पुतण्याची पिकअप भाजी वाहायला लागली.

मी त्या महिन्या-दीड महिन्यात जसा वागलो, ते आठवलं तरी मला स्वतःचा वीट येतो. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला भावाच्या टेम्पोची गोष्ट सांगायचो. माझ्यासमोर बोटावर तार काढणाऱ्या म्हाताऱ्या ड्रायव्हरांना हसायचो. आणि त्या गोष्टीत चारीत उतरल्याचा, बोटावर आलेल्या गोळ्याचा भाग मी गाळून टाकायचो. गिऱ्हाइकाला मात्र शेवटी बजावून सांगायचो, "आधी चेंबर साफ करून घ्या बरं का."

होळी झाली. ऊन तापायला लागलं. एका रात्री जेवताना दादा म्हणाला, "अरे, तेलाचा काटा खाली खाली चाललाय थोडा. घाटासारखा नाय, पण पहिल्यासारखाबी राहत नाय."

"मल्टिग्रेड आहे दादा, एकात दोन नंबर. पातळ तेलाचा काटा असाच दिसतो. घाबरू नको."

"तू म्हणतो तर नाय घाबरत," तो म्हणाला आणि अर्धी भाकरी मोडून माझ्या ताटात टाकली.

पाडवा आठवड्यावर आला होता. लग्नाची तिथी होती, त्या दिवशी टेम्पो शिगोशीग भरला होता, काकांचे सगळे गुलाब त्यात होते. सकाळी दुकान उघडून मी उदबत्ती लावत होतो तेवढ्यात फोन आला. पेठ नाक्यावरच्या एका टपरीवरून दादा बोलत होता. फक्त एवढंच म्हणाला, "ये जरा. धरलं."

मी पोचलो तेव्हा टेम्पो रस्त्याच्या कडेला तिरका उभा होता. बॉनेटमधून जळक्या तेलाचा तो वास येत होता. मागे पुतण्याची पिकअप पाठीला पाठ लावून लावली होती आणि वस्तीतली पोरं आमच्या टेम्पोतल्या पाट्या उचलून तिच्यात टाकत होती. ऊन वर आलं होतं. वरच्या पाट्यांतल्या गुलाबांच्या माना पडल्या होत्या. काका उभे होते. एकदा फक्त पोरांना म्हणाले, "हळू रे, दांड्या मोडतील." दादाही पाट्या उचलत होता. स्वतःच्या टेम्पोतून दुसऱ्याच्या गाडीत, एकेक पाटी, नीट, दांड्या न मोडता. शेवटची पाटी चढवून झाल्यावर पुतण्या म्हणाला, "दादा, येतो मग. उद्या पहाटे मीच फिरतो सगळीकडे, तुम्ही गाडीचं बघा." दादाने मान हलवली. वस्तीचा माल त्या क्षणी गेला. गाडी दुरुस्त होऊन येईल, पण तो माल परत येणार नाही, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं होतं.

दुपारी गॅरेजमध्ये मिस्त्रीने चेंबर उतरवून खाली ठेवला. तळाशी काळं, करपलेल्या पिठल्यासारखं काहीतरी भरून होतं. तेल ओढायची जाळी त्याने उलटी करून दाखवली. तिची भोकं दिसतच नव्हती. "मळ सुटला आन इथं येऊन बसला," तो म्हणाला. "वरती तेल पोचलंच नाही. तेलाला काही म्हणायला नको, तेल चांगलंच हाय. आधी धुवायला पाहिजे होतं, बस."

"माझाच मळ हाय," दादा म्हणाला. "इतक्या वर्षांचा. मीच साठवला."

मी खाली बसलो आणि चेंबरमध्ये दोन्ही हात घातले. मला कुणी सांगितलं नव्हतं. मुठीत येईल तेवढं काढून पत्र्यावर टाकू लागलो. कोपरापर्यंत काळा झालो. मध्येच उठून गटारीशी ओकलो आणि परत येऊन बसलो. मिस्त्री मला म्हणाला, "आता काय उपयोग, शेठ? आता क्रँकच काढायचीये." तरी मी काढत राहिलो. शेवटी दादा माझ्या शेजारी येऊन उकिडवा बसला. त्याने चेंबरात बोट बुडवलं, सवयीने माझ्या गालाकडे आणलं, आणि गालाजवळ थांबला. मग ते बोट त्याने स्वतःच्याच पायजम्याला पुसलं.

टेम्पो दुरुस्त झाला. पण आमच्या दारात तो नुसता उभा राहू लागला. वस्तीत कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. समोरून जाताना फक्त सगळे नजर चुकवायचे. पाऊस लागायच्या आधी दादाने तो पेठकडच्या एका माणसाला विकला. आणि काही महिन्यांनी काकांच्या पुतण्याच्या पिकअपवर ड्रायव्हर म्हणून लागला. वस्तीतला माल तोच, पहाट तीच, बाजार तोच. गाडी नवी होती, सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. पुतण्या वाईट नव्हता, दादाला दादाच म्हणायचा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "दादा, तेवढं हात पुसून बसत जा, सीटला डाग पडतात." दुसऱ्या दिवसापासून दादाच्या खिशात पांढरा रुमाल आला. वहिनी तो रोज धुऊन, घडी करून देते.

मी पुढे शहरात राहायला गेलो. दोन हजार सालानंतर सुटं तेल बंदच झालं. सीलबंद डबे आले, बारा महिने एकच तेल. आता काउंटरवर कुणी ऋतू विचारत नाही. पाडव्याला तर कुणी फिरकतही नाही, दसऱ्याला गाड्या येतात त्या फक्त हार घालायला. रस्ता रुंद करताना दुकानाच्या दारातला तो खांब कापून नेला. मजुराने नाकाला फडकं बांधून तो उचलला. मला हायसं वाटायला हवं होतं.

मी जुनी मोटार घेतली, त्या वर्षीच्या दसऱ्याला ती घेऊन वस्तीवर गेलो. जाताना तेलाचा डबा नेला होता, म्हटलं तिथेच बदलू. दादा बाहेर आला. केस पिकले होते. त्याने मोटारीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "काय भरणार? तीस का चाळीस?"

"आता एकच येतं, दादा."

"हां, ते एकच." त्याने डब्यातून एक थेंब बोटावर घेतला आणि चोळून तार काढली. तार थोडीशी सुटली आणि तुटली. मी जवळच उभा होतो. खरं सांगतो, मी गाल पुढे केला नाही, पण मागेही घेतला नाही. दादाने खिशातून रुमाल काढला, बोटं एकेक करून पुसली, रुमाल उलटा घडी करून पुन्हा खिशात ठेवला. मग चारीवर मोटार घ्यायला लावली, स्वतः खाली उतरला आणि मला म्हणाला, "तू वरच थांब. कपडे चांगले हायेत तुझे."

जुनं तेल निघालं, तेव्हा वाऱ्याबरोबर तो वास वर आला आणि माझ्या पोटात नेहमीसारखं ढवळलं. इतकं सगळं होऊनही ढवळलं. त्याची मला त्या तेलापेक्षा जास्त किळस आली.

काम झाल्यावर त्याने हात धुतले. मी बघत होतो. दोनदा साबण लावला, नखं ब्रशने घासली. आम्ही जेवायला बसलो. सणाची श्रीखंड-पुरी होती. वहिनी आत पुऱ्या तळत होती. माझी पुरी संपली तसा दादाचा हात आपल्या ताटातल्या पुरीकडे गेला, तिची अर्धी मोडली, आणि त्याने ती तशीच स्वतःच्या ताटात ठेवली.

"अगं," त्याने आत आवाज दिला, "त्याला तू वाढ. माझा हात तेलाचा हाय."

वहिनी गरम पुरी घेऊन आली. ती स्वच्छ होती, टम्म फुगलेली, कुठे डाग नाही. मला ती गिळवेना.